आग्या मोहोळ उठल्यावर : पहिला तास आणि दुसरा दिवस

रुग्ण आठ वर्षांचा मुलगा, वजन २२ किलो. दमा नाही, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी नाही, याआधी कधी मधमाशी चावल्याचं घरच्यांना आठवत नाही. मोहोळ उठल्यानंतर सव्वा तासाच्या आत मामा त्याला खांद्यावर टाकून आमच्या आकस्मिक विभागात आले. नाडी मिनिटाला १६८, रक्तदाब ६८/३४, ऑक्सिजन ८९ टक्के. ओठ आणि पापण्या सुजून आलेल्या, अंगभर गांधी, छातीत दोन्ही बाजूंना सूं-सूं आवाज, हातपाय गार. हाक मारली की डोळे उघडायचा आणि लगेच मिटायचा. वाटेत दोनदा उलटी झाली होती.

एक ते दहा वर्षांच्या मुलाचा वरचा रक्तदाब किमान किती हवा, हे काढायचा सोपा हिशेब आहे : वयाची दुप्पट करून त्यात ७० मिळवायचे. आठ वर्षांच्या मुलाला ८६. हा मुलगा ६८ वर होता, म्हणजे सरळ शॉकमध्ये : अवयवांना पुरेसं रक्त पोचत नव्हतं.

हे प्रकरण तपशिलात मांडावंसं वाटलं, कारण या एका मुलाने दोन दिवसांत दोन वेगळे आजार दाखवले. पहिला काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. दुसरा दुसऱ्या दिवशी सुरू होतो. मधल्या काही तासांत मूल इतकं हुशार दिसतं की कुणालाही वाटावं, चला, आता घरी न्यावं.

झालं काय होतं

संक्रांतीचा आठवडा. नागपुरात हिंगणा रोडकडच्या एका ले-आऊटमध्ये कटलेला पतंग पिंपळाच्या उंच फांदीत अडकला. पोरांनी मांजाला दगड बांधून तो ओढायचा प्रयत्न केला. त्याच फांदीखाली दीड-दोन हात लांबीचं आग्या मोहोळ लटकत होतं. दगड पतंगाला लागला नाही, मोहोळाला लागला.

आग्या माशी आपल्याकडच्या मधमाश्यांत सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत तापट. तिचं एकच मोठं पोळं उघड्यावर असतं : उंच फांदीला, पाण्याच्या टाकीच्या बुडाला, इमारतीच्या सज्जाखाली. एका माशीने काटा मारला की त्यातून एक वास सुटतो, आणि त्या वासावर बाकीच्या माश्या त्याच जागी तुटून पडतात. त्यामुळे जो पहिल्यांदा सापडतो त्यालाच सर्वाधिक डंख बसतात. बाकीची मुलं पळाली. हा अडखळून पडला. थंडीमुळे अंगात काळं जॅकेट आणि डोक्याला लोकरीची कानटोपी होती. जॅकेटने छाती-पाठ बरीचशी वाचवली, पण चेहरा, मान, हात आणि हाफ पँटखालचे पाय उघडेच होते.

मामांनी केलेली एक गोष्ट फार मोलाची ठरली. वाळत टाकलेली चादर ओढून त्यांनी मुलाला पूर्ण गुंडाळलं, उचललं आणि समोरच्या घरात शिरून दार लावून घेतलं. हेच करायचं असतं. हात हलवून माश्या हाकलत एका जागी उभं राहायचं नाही, चेहरा झाकून सरळ पळायचं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. पाण्यात उडी मारून वाचता येतं असं बरेच जण समजतात. माश्या वर घिरट्या घालत थांबतात, आणि मूल डोकं वर काढतं तेव्हा तोंडावरच चावतात. शिवाय बुडायचा धोका वेगळाच.

तिथून मुलाला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे फेनिरामिन, म्हणजे ज्याला सगळे अ‍ॅव्हिल म्हणतात ते, आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड अशी दोन इंजेक्शनं देऊन मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. अशा वेळी सगळ्यांत आधी द्यायचं असतं ते अ‍ॅड्रेनलिन दिलं गेलं नाही. आमच्याकडे पोचल्यावर मामांचा पहिला प्रश्न होता, "इंजेक्शन तं झालं जी, मंग हा असा काहून करून राहिला?"

पहिली वीस मिनिटं

त्याला उत्तर द्यायच्या आधी आम्ही अ‍ॅड्रेनलिन दिलं. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. अँप्यूलमध्ये १ मिलिलीटरला १ मिलिग्रॅम असतं, म्हणजे २२ किलोच्या मुलाला ०.२२ मिलिलीटर. जागा : मांडीचा मधला, बाहेरच्या अंगाचा स्नायू. गरज पडल्यास दर ५ मिनिटांनी पुन्हा.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती चुकताना मी वारंवार पाहतो. इतकी कमी मात्रा मोजायची म्हणून हात आपसूक इन्सुलिनच्या सिरिंजकडे जातो. तिची सुई तोकडी, कातडीखालच्या चरबीसाठी केलेली असते, त्यामुळे औषध स्नायूपर्यंत पोचतच नाही. मुलांच्या मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनलिन रक्तात सरासरी ८ मिनिटांत शिखर गाठतं, कातडीखाली दिलं तर ३४ मिनिटांच्या आसपास. शॉकमधल्या मुलाकडे एवढा वेळ नसतो. एक मिलिलीटरची साधी सिरिंज घ्यावी, तिला २३ नंबरची लांब सुई लावावी, मांडीत सरळ टोचावं.

मुलाला सपाट झोपवलं आणि पाय थोडे वर केले. श्वास लागलेल्या मुलाला नातेवाईक खांद्यावर उभं धरतात, बसवतात. मायेपोटीच करतात, पण रक्तदाब पडलेला असताना अचानक उभं केलं तर हृदयाकडे येणारं रक्त घटतं आणि मूल तिथेच कोसळू शकतं. दम फारच असेल तर टेकवून बसवायचं, चालवायचं मात्र कधीच नाही. मास्कने ऑक्सिजन जोरात सुरू केला. सलाइन किलोमागे २० मिलिलीटर, म्हणजे ४४० मिलिलीटर, भराभर आत दिलं. छातीच्या आवाजासाठी सालब्युटामॉलची वाफ. पाच मिनिटांनी अ‍ॅड्रेनलिनचा दुसरा डोस.

दुसऱ्या डोसनंतर थोड्या वेळात रक्तदाब ९४ वर आला, नाडी १४० च्या खाली गेली, आणि मुलाने पाणी मागितलं.

आता मामांचा प्रश्न. अ‍ॅव्हिलमुळे खाज कमी होते, गांधी बसतात. पण ते पडलेला रक्तदाब उचलत नाही, आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करत नाही, घशाची सूज उतरवत नाही. स्टेरॉइडचा परिणाम सुरू व्हायलाच काही तास लागतात. ही दोन्ही औषधं नंतर द्यायला हरकत नाही, पण अ‍ॅड्रेनलिनची जागा ती घेऊ शकत नाहीत. अ‍ॅड्रेनलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, किंमत अगदी किरकोळ आहे, आणि बहुतेक दवाखान्यांच्या ट्रेमध्ये ते पडलेलं असतं. तरी हात तिकडे जात नाही, कारण मनात भीती असते की लहान मुलाच्या हृदयाला काही होईल. शिरेतून चुकीच्या मात्रेत दिलं तर ती भीती खरी ठरते. मांडीच्या स्नायूत, वजनानुसार दिलेल्या डोसने होतं ते थोडी थरथर, धडधड आणि चेहरा पांढरा पडणं. ते काही वेळात ओसरतं. अ‍ॅड्रेनलिनला झालेला उशीर मात्र भरून काढता येत नाही. हाताशी असलेल्या औषधाअभावी मूल रस्त्यात तासभर झुरत राहावं, हे मला फार लागतं.

आधी कधी माशी चावलेली नसताना एवढी प्रतिक्रिया कशी आली, असं मुलाच्या वडिलांनी विचारलं. खऱ्या अ‍ॅलर्जीसाठी शरीराची त्या विषाशी आधी ओळख व्हावी लागते, हे बरोबर. पण एकाच वेळी शेकडो डंख बसले तर अ‍ॅलर्जी नसतानाही तसंच चित्र उभं राहतं, कारण विषच शरीरातल्या पेशींना हिस्टामिन सोडायला लावतं. त्या क्षणी या दोहोंत फरक करत बसायची गरज नाही. पहिलं औषध दोन्हींत तेच.

काटे

मधमाशीच्या नांगीला उलटे दाते असतात. ती कातडीत अडकते आणि माशी उडताना विषाच्या पिशवीसकट तुटून मागे राहते. पिशवीचे स्नायू माशी गेल्यावरही विष आत ढकलत राहतात, आणि बहुतांश विष पहिल्या वीसेक सेकंदांत आत जातं. त्यामुळे काटा नखाने उपटायचा की कार्डाने खरवडायचा, या वादात वेळ घालवू नये. जसा निघेल तसा, लगेच काढावा. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असते. ती काटा मागे ठेवत नाही, पण तीच माशी पुन्हापुन्हा डंख मारू शकते.

आमच्याकडे येईपर्यंत त्या काट्यांतलं विष कधीच आत गेलं होतं. तरी काढायचे होतेच, आणि मोजायचेही होते. दोन सिस्टर समोरासमोर बसल्या, एक चिमट्याने काढत होती, दुसरी स्टीलच्या ट्रेमधल्या ओल्या गॉजवर ओळीने मांडत होती. पांढऱ्या गॉजवर तपकिरी बारीक काटे, प्रत्येकाच्या बुडाशी मोहरीच्या दाण्याहून लहान अर्धपारदर्शक पिशवी. केसांत लपलेले बोटांनी सापडेनात, तेव्हा फणी आणून भांग पाडत-पाडत शोधावे लागले. कानटोपीच्या लोकरीत अडकलेले वेगळे धरले, ते कातडीत गेले नव्हते. कानाच्या पाळीमागे, नाकपुडीच्या काठावर, डाव्या पापणीवर एकेक. शेवटचा आकडा १९३.

हा आकडा केस-पेपरवर लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मधमाशीच्या विषाचा मारक डोस किलोमागे सुमारे १९ डंख असा अंदाज धरला जातो. या मुलासाठी ते चारशेच्या आसपास येतं. म्हणजे १९३ हा त्याच्या जवळजवळ अर्धा भार. आणि मुलांत साधारण पन्नासच्या पुढे डंख गेले की विषाच्या परिणामांसाठी सावध राहायचं असतं. आकडा लिहिलेला नसेल तर दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येणाऱ्या डॉक्टरला "मधमाशी चावली, आता ठीक आहे" एवढंच वाचायला मिळतं.

पापणीवर डंख होता म्हणून नेत्रतज्ज्ञांना बोलावलं. बुबुळात काटा नव्हता. तोंडात किंवा घशात डंख असला तर सूज श्वासाची वाट बंद करू शकते, म्हणून तोंड उघडून टॉर्चने नीट बघितलं.

दुसरा दिवस

सकाळी मुलगा उठून बसला होता. दूध-बिस्किट खाल्लं, पतंग कुणी नेला ते विचारलं. चेहरा सुजलेला होता, पण बोलणं नेहमीचं. आजींनी पिशवी भरायला घेतली. "पोरगं खाऊन-पिऊन राहिलं, हसून राहिलं, आता कायले ठेवता जी?"

त्यांचं म्हणणं गैर नव्हतं. समोर दिसत होतं ते तसंच होतं. मी त्यांना ट्रेमधला आकडा सांगितला आणि म्हटलं, आजी, अजून दोन दिवस आम्हाला त्याची लघवी बघायची आहे.

दुपारच्या सुमारास वडील धावत आले. "डॉक्टरसाहेब, पोट्ट्याची लघवी कोकसारखी होऊन राहिली."

मधमाशीच्या विषाचा निम्म्याच्या आसपास भाग मेलिटिन नावाचं प्रथिन असतं. ते पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं, आणि फॉस्फोलायपेज नावाचं एन्झाइम त्याला हातभार लावतं. एक-दोन डंखांत हे कातडीपुरतं राहतं. दोनशे डंखांत ते रक्तात पसरतं, लाल पेशी फुटतात, स्नायू विरघळू लागतात. फुटलेल्या पेशींतून हिमोग्लोबिन आणि स्नायूंतून मायोग्लोबिन बाहेर पडतं, आणि दोन्ही मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत जाऊन साचतात. लघवीचा काळपट रंग त्यांचा.

लघवीच्या पट्टीवर रक्त तीन अधिक आलं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र लाल पेशी जवळजवळ नव्हत्या. हा विसंवाद हीच खूण : पट्टी पेशी ओळखत नाही, ती रंगद्रव्य ओळखते. साधी तपासणी आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते.

रक्ताचे आकडे असे होते. स्नायूंचं एन्झाइम सीपीके दाखल होताना ९२०, दुसऱ्या दुपारी १८,४००. हिमोग्लोबिन ११.८ वरून ९.७. प्लेटलेट एक लाख दहा हजार. यकृताचं एसजीओटी ६४०, त्यातला बराच भाग स्नायूंतून आलेला. मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारं क्रिएटिनिन ०.५ वरून ०.९. मोठ्या माणसाच्या रिपोर्टवर ०.९ कुणी बघणारही नाही, आणि लॅबच्या कागदावर त्यापुढे खूण नव्हती. पण आठ वर्षांच्या मुलात एका दिवसात ते पावणेदोन-दोन पट होणं म्हणजे मूत्रपिंडाला इजा सुरू झाली आहे.

या विषावर आपल्याकडे प्रतिविष नाही. उपचार म्हणजे सलाइन, लघवीचं मोजमाप आणि धीर. तासाला किलोमागे २ ते ३ मिलिलीटर लघवी व्हावी एवढं सलाइन ठेवलं, म्हणजे या मुलाला तासाला ४४ ते ६६ मिलिलीटर. वडिलांना मोजपात्र दिलं आणि प्रत्येक वेळी रंग आणि माप वहीत लिहायला सांगितलं. ती वही आमच्या चार्टपेक्षा नेटकी होती. सोबत दर काही तासांनी छाती ऐकायची, वजन करायचं, कारण याच विषाने फुप्फुसांत पाणी साचू शकतं आणि सलाइन त्यात भर घालू शकतं. लघवी कमी झाली की फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, द्यायचा मोह होतो. शरीरात पाणी कमी असताना ते दिलं तर मूत्रपिंडावरचा ताण वाढतो. आधी पाणी पुरेसं आहे की नाही ते पाहायचं.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिलं. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड पूर्ण बंद. ही दोन्ही सिरपं नागपुरात जवळजवळ प्रत्येक लहान मुलाच्या घरात असतात, आणि सूज-ताप दिसला की घरचे न विचारता एक चमचा देतात. मूत्रपिंड संकटात असताना तो एक चमचाही नको.

तिसऱ्या दिवशी सीपीके ४१,००० वर गेलं, क्रिएटिनिन १.६, पोटॅशियम ६.१. ईसीजीमध्ये टोकदार टी लहरी दिसल्या, म्हणजे वाढलेल्या पोटॅशियमचा परिणाम हृदयावर होऊ लागला होता. कॅल्शियम ग्लुकोनेट, सालब्युटामॉलची वाफ, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन असं क्रमाने दिलं. मूत्रपिंडतज्ज्ञांना बोलावून डायलिसिसची तयारी ठेवली. वडिलांना डायलिसिस हा शब्द ऐकूनच घेरी आली. त्यांना वाटलं, आता हे जन्मभराचं. अशा इजेत डायलिसिस लागलंच तर बहुधा काही दिवस ते काही आठवडे लागतं, मूत्रपिंड सावरायला मध्ये मिळालेला आधार म्हणून. ते त्यांना बसवून समजावलं, आईलाही वेगळं समजावलं.

डायलिसिस करावं लागलं नाही. लघवी चालू राहिली होती, हे त्याचं मुख्य कारण. चौथ्या दिवशी रंग चहासारखा, मग पिवळा. हिमोग्लोबिन ८.४ वर थांबलं, रक्त द्यावं लागलं नाही. नवव्या दिवशी घरी जाताना क्रिएटिनिन ०.६ होतं.

बहिणीचे तीन डंख

मोहोळ उठलं त्याच संध्याकाळी चार वर्षांच्या बहिणीला दंडावर तीन माश्या चावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिचा हात कोपरापर्यंत सुजून लाल झाला, आणि घरचे तिच्यासाठीच जास्त घाबरले, कारण सूज डोळ्यांना दिसते. ताप नाही, श्वास ठीक, खेळणं चालू. ही जागेपुरती मोठी प्रतिक्रिया. थंड पट्टी, खाजेसाठी सेटिरिझिन, हात थोडा उंच. पहिल्या एक-दोन दिवसांतली अशी लाली बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची नसते, म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. कुणीतरी चुना लावला होता, तो धुवून काढला.

मात्र तीनच डंख म्हणून कुणी निश्चिंत होऊ नये. ज्या मुलाला खरी अ‍ॅलर्जी आहे त्याला एक डंखही पुरतो. डंखाच्या जागेपासून दूर अंगभर गांधी येणं, आवाज बसणं, दम लागणं, वारंवार उलटी, पोटात कळ, मूल एकदम मलूल होणं, यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करून निघायचं आणि पोचल्यावर पहिलं वाक्य "अ‍ॅड्रेनलिन द्या" हेच म्हणायचं. संकोच करू नये.

विंचवाचं गणित वेगळं आहे, आणि पालक ते इथे मिसळतात म्हणून सांगतो. लाल विंचवाच्या दंशात मुलांना घाम, उलट्या, हातपाय गार पडणं आणि पुढे फुप्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यासाठी प्राझोसिनचा वापर दाखवून दिला आणि असंख्य मुलं वाचली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ते औषध रक्तदाब उतरवतं. मधमाशीच्या शॉकमध्ये रक्तदाब आधीच पडलेला असतो, तिथे ते चालत नाही. त्यामुळे काय चावलं ते डॉक्टरांना नेमकं सांगणं, जमल्यास मेलेली माशी किंवा काटा कागदात बांधून आणणं, खूप उपयोगाचं.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्डवर डंखांची संख्या, अ‍ॅड्रेनलिनचे दोन डोस आणि सीपीकेचा सर्वोच्च आकडा ठळक लिहिला. आठवड्याने लघवी आणि क्रिएटिनिन, मग महिन्याने पुन्हा. चार ते सहा आठवड्यांनी विषाची अ‍ॅलर्जी-चाचणी, कारण लगेच केली तर ती खोटी नकारार्थी येऊ शकते. चाचणीचा निकाल येईपर्यंत अ‍ॅलर्जी आहे असंच धरून चालायचं ठरलं.

परदेशात अशा मुलांना आपोआप टोचणारं अ‍ॅड्रेनलिन पेन देतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून आम्ही अँप्यूल, एक मिलिलीटरची सिरिंज, २३ नंबरची सुई आणि मात्रेवर लाल खूण केलेला कागद असा डबा करून दिला. वडिलांना आणि मामांना संत्र्यावर टोचायला लावलं. मामांनी पहिल्यांदा हवा न काढताच भरलं, दुसऱ्यांदा बरोबर. वजन वाढेल तशी मात्रा बदलायची, दर भेटीत खूण पुढे सरकवायची, आणि अँप्यूलवरची मुदत तपासायची. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हा डबा गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवायचा नाही, कारण उष्णतेने आणि उजेडाने अ‍ॅड्रेनलिन खराब होतं. द्रव गुलाबी-तपकिरी झाला की टाकून द्यायचा.

शाळेच्या वर्गशिक्षिकांसाठी एका पानाची चिठ्ठी दिली. आणि मोहोळाबद्दल ले-आऊटच्या लोकांना निरोप पाठवला : रात्री टेंभा लावून जाळू नका, त्यात दरवर्षी माणसंच भाजतात आणि चावून घेतात. आग्या माश्या हंगाम संपला की जागा सोडून जातात आणि पुढच्या वर्षी बहुधा त्याच झाडावर परततात. त्यामुळे पिंपळाखाली आतापासूनच पाटी लावा आणि पुढच्या संक्रांतीच्या आधी पोरांना ते झाड नेऊन दाखवा.